बाभळीवरची अमानत

"नाक असलेल्या माणसानं वाळवंटातच राहावं." सुवेलमचं हे वाक्य सगळ्या वादीला, त्या कोरड्या खोऱ्यातल्या वस्तीला, पाठ होतं. बंदराच्या गावी जायला निघताना तो हे म्हणायचा, तिथून परतल्यावर पुन्हा म्हणायचा, आणि वाटेत ऐकायला कोणी नसलं तर उंटाला सांगायचा. त्याची बायको हमदा एकदा त्याला म्हणाली होती, "आणि नाक असलेल्या माणसाच्या बायकोनं कुठं राहावं?" त्यावर तो बराच वेळ दाढी खाजवत बसला होता.

नाक त्याचं मोठं होतंच, पण नाकाचा कारभार त्याहून मोठा. पाण्याचा पहिला घोट तो नाकाने घ्यायचा. दुसऱ्याच्या घरी भाकरी पुढे आली की आधी हुंगायचा आणि मग बिस्मिल्ला म्हणायचा. लोक रागवायचे, पण हसून रागवायचे. वाळवंटावर त्याचा जीव होता तो या नाकामुळेच. सीनायच्या त्या मुलखातल्या हवेला वास नसतो. ऊन सगळं जाळून टाकतं आणि उरलेलं वारा झाडून नेतो. मेलेला उंटसुद्धा काही दिवसांनी निव्वळ पांढरी हाडं होऊन पडतो. पहाटेच्या दवाने दगड ओले झाले तर त्यांचा वास येतो, शेळ्यांनी रानदवणा चावला तर त्याचा कडवट वास येतो, बस. "याला म्हणायचं स्वच्छता," तो म्हणायचा. जणू रोज सकाळी उठून ती वादी तोच झाडत होता.

पुढे सरकारने हा सगळा डोंगराळ मुलूख राखीव उद्यान म्हणून जाहीर केला आणि सडकेच्या तोंडाशी एक पाटी ठोकली. ती शेळ्यांना वाचता येत नव्हती आणि पाहुण्यांना वाचायची नव्हती. पाहुणे मात्र येऊ लागले. जीपगाड्या त्यांना डांबरी सडकेवरून जुन्या बाभळीपर्यंत आणून सोडायच्या, तिथून सुवेलम त्यांना उंटांवर घालून आत न्यायचा. आधी वाटेवरची जुनी बाभूळ. तिच्यापुढे उघड्या मैदानात एकट्या उभ्या असलेल्या दगडाचं भूछत्र. मग टेकडीवरची गोल दगडी थडगी. ती म्हणे कोण्या जुन्या लोकांनी डासांपासून लपायला बांधली होती. मग पांढरी घळ, इतकी अरुंद की दोन्ही खांदे भिंतींना घासावेत. घळीच्या तळाशी झरा आणि खजुरी. आणि शेवटी मोठी वाळूटेकडी, जिच्या माथ्यावरून सूर्य मावळताना बघून पाहुणे टाळ्या वाजवायचे. सूर्याला टाळ्या! सुवेलमला याचा पहिल्यांदा अचंबा वाटला होता, नंतर नुसती शिसारी.

कारण टाळ्यांमागून बाकीचं सगळं यायचं. पांढऱ्या घळीच्या भिंतीवर किल्लीने कोरलेली नावं. झऱ्याच्या पाण्यावर साबणाचा फेस आणि फेसात अडकलेले केस. थडग्यांच्या आडोशाला, जिथे त्याच्या आजीने कधी शेळीला लेंडी टाकू दिली नव्हती, तिथे माणसांनी उरकलेले विधी आणि त्यावर दगड ठेवून दाबलेले पांढरे कागद. वारा तो दगड ढकलायचा. मग ते कागद उडत जाऊन काटेरी झुडपांना असे लटकायचे की लांबून फुलं वाटावीत. एकदा एका पाहुणीने खरंच त्या फुलांचा फोटो काढला होता. सुवेलम तोंड फिरवून थुंकला होता.

"घरी यांना कोणी शिकवतं की नाही?" तो हमदाला विचारायचा.

"शिकवत असतील, घर घाण करू नको म्हणून," हमदा म्हणायची. "म्हणून तर इथपर्यंत येतात बिचारे."

या सगळ्यात एकच जागा होती जी दाखवताना सुवेलमची मान ताठ व्हायची, आणि ती म्हणजे ती बाभूळ.

बाभूळ दिसायला काही खास नव्हती. खोड पिळलेलं, माथा वाऱ्याने एका बाजूला झुकलेला. पण तिच्या फांद्यांवर अर्ध्या टोळीचा संसार टांगलेला असायचा. उन्हाळ्यात लोक खजुरीसाठी समुद्राकडे उतरायचे, तेव्हा वाटेत नको असलेलं ओझं या झाडाला बांधून जायचे. पिठाची गोणी, चहाची किटली, जात्याची तळी, लोकरी तंबूच्या गुंडाळ्या. एकदा टांगलं की ती अमानत. महिना जावो, वर्ष जावो, मालक येईपर्यंत तिला कोणी हात लावत नसे. भुकेने मरणारा माणूससुद्धा त्या गोणीखाली बसून मेला असता. कधीकाळी एका माणसाने तिथली चपलांची एक जोडी काढून पायात घातली होती. तो मेला, त्याची मुलं म्हातारी झाली, तरी त्या घराला अजून चपलेवाले म्हणत. त्यांच्या घरच्या मुलीला सोयरीक बघताना आधी त्या चपलेचा विषय निघायचा.

त्या वर्षी वसंतात एक पाहुणी आली. उंच, उन्हाने लाल झालेली, गळ्यात निळा रुमाल. सुवेलमला ती बघताक्षणी आवडली, कारण तिने जेवणाआधी हात धुतले. शिवाय ती सोबतच्यांनी टाकलेले डबे आणि कागद स्वतः वेचून एका काळ्या पिशवीत भरत होती. त्या रात्री घरी येऊन त्याने हमदाला कौतुकाने सांगितलं, "एक माणूस आलंय या वेळी. बाकीचे नेहमीचेच."

बाभळीपाशी आल्यावर त्याने तिला झाड दाखवलं. तो बोलायचा आणि जीपचा ड्रायव्हर तिच्या भाषेत सांगायचा.

"वाटेत जे नको असेल ते माणूस इथं टांगतो," सुवेलम म्हणाला. "त्याला कुणी हात लावत नाही. तुम्ही टांगलंत तरी लावणार नाही. हा माझा शब्द."

ड्रायव्हरने सांगितलं. पाहुणी खूश झाली. झाडाखालचा मुक्काम हलवून दुसऱ्या दिवशी निघताना तिने ती काळी पिशवी एका धारीदार चादरीत नीट गुंडाळली, दोरी मागितली आणि वरच्या फांदीला घट्ट गाठ मारून टांगली. मग सुवेलमकडे बघून छातीवर हात ठेवला. सुवेलमनेही ठेवला. चादरीच्या आत काय आहे हे त्याने विचारलं नाही. अमानतीत काय आहे ते विचारायची पद्धत नाही. पाहुणे याच वाटेने परतणार होते. पण त्यांच्यातल्या एकाचं पोट बिघडलं, ड्रायव्हरने जीप वाळूटेकडीपाशीच आणून परस्पर डांबरी सडक गाठली, आणि ते गेले ते गेलेच.

पहिल्यांदा माश्या दिसल्या त्या हमदाला. ती शेळ्या घेऊन त्या बाजूला गेली होती. वादीत इतक्या माश्या तिने जन्मात बघितल्या नव्हत्या. काळी गोधडी हलावी तशा त्या चादरीवर हलत होत्या. मग वास आला. सडक्या मासळीचा, आंबलेल्या दुधाचा, आणि त्याखाली आणखी कशाचा तरी गोडसर वास, जो नाकातून थेट पोटात उतरायचा. तिने ओढणी तोंडावर घेतली आणि घरी येऊन नवऱ्याला एवढंच सांगितलं, "फरजचे अब्बा, तुमच्या पाहुणीची अमानत सुटली आहे."

"सुटली? गाठ सुटली?"

"पोट सुटलंय."

सुवेलम जाऊन बघून आला. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उन्हाळा चढत गेला तशी चादर फुगली आणि खालून एक तपकिरी थेंब लोंबू लागला. तो पडायचा, त्याच्या जागी दुसरा यायचा. आणि त्याच्या बरोबर खालच्या फांदीवर शेजारच्या अतीकचा तंबू बांधलेला होता. तो अतीकच्या आईने स्वतःच्या शेळ्यांच्या केसांचा विणला होता, आणि ती म्हातारी आता हयात नव्हती.

हमदाने तुपाचा एक रिकामा डबा आणून दोन फांद्यांच्या बेचक्यात बसवला. थेंब डब्यात पडू लागले. पण डबा भरतो, आणि भरलेला डबा कुणीतरी ओतावा लागतो. हमदा तो वाऱ्याकडे पाठ करून ओतायची, दगडामागे बसून ओकायची, वाळूने हात घासायची आणि पुन्हा घासायची. रात्री भाकरी थापताना तिला स्वतःच्याच बोटांची किळस यायची.

"काढून टाका ती घाण," ती म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही."

"झाड सांगेल."

"झाडाला जीभ आहे का?"

"मुसल्लमला आहे."

मुसल्लम त्याचा चुलतभाऊ. तोही वाटाड्या, आणि दोघांच्या वाटचं एकटा बोलणारा. तो त्याच संध्याकाळी चहाला आला आणि आल्या आल्या नाक उचलून म्हणाला, "काय रे सुवेलम, हल्ली पाहुण्यांना नवीन जागा दाखवतोस म्हणे? पांढरी घळ, दगडी भूछत्र आणि सुगंधी बाभूळ?"

"चहा पी आणि जा."

"पितो की. पण एक सांग, तुझं ते जगप्रसिद्ध नाक आता गहाण टाकलंस का?"

"मुसल्लम," हमदा चुलीपाशी बसून म्हणाली, "साखर जास्त टाकू का? तोंड कडू दिसतंय."

मुसल्लम हसला, पण जाता जाता म्हणाला, "पाहुणे माझ्याकडे येऊन विचारतात, इथं काही मेलंय का. मी त्यांना काय सांगू? आमच्या भावाचा शब्द मेलाय म्हणू?"

हे सुवेलमला लागलं. दुसऱ्या दिवशी तो म्हाताऱ्या ओदाकडे गेला. टोळीतली भांडणं ओदा सोडवायचा. अख्खी वस्तीही मागोमाग आली, कारण असा खटला पूर्वी कुणी ऐकलेला नव्हता.

"पिशवी कुणाची?" ओदाने विचारलं.

"पाहुणीची."

"ती मेली का?"

"अल्लाह राखो, मला काय ठाऊक!"

"मग तिचीच आहे."

"आजोबा," मुसल्लम मध्येच म्हणाला, "आत निव्वळ घाण आहे."

"तू बघितलीस?"

"वास येतो ना!"

"वास माझ्या सुनेच्या कालवणालाही येतो. म्हणून मी हंडा फेकून देतो का?" लोक हसले. आतून सुनेने भांडं आपटलं. ओदा पुढे म्हणाला, "उघडून बघितलीस तर तू चोर. न बघता फेकलीस तरी चोरच, वर आंधळा. अतीकचा तंबू हलवलास तर तीही चोरीच. झाडाला एकदा हात लागला की दुसऱ्यांदा लागायला वेळ लागत नाही."

"मग काय, ती तिथंच सडू द्यायची?" बायका बसल्या होत्या तिकडून हमदा म्हणाली. "डबा मी ओतते, तुम्ही नाही."

ओदाने सुवेलमकडे पाहिलं. "टांगताना शब्द कुणी दिला?"

"मी."

"मग मालकिणीला शोध. ती सोडली म्हणाली, तर सोडली. दुसरी वाट नाही."

अशा रीतीने सुवेलम बंदराच्या गावी गेला. जाताना तो उंटाशी एक अक्षर बोलला नाही. गाव नेहमीसारखंच होतं. गटाराचं पाणी रस्त्यावर, तळणीचं तेल हवेत, किनाऱ्यावर माशांची आतडी. पाहुणे पाठवणाऱ्या राफतच्या कचेरीत तो मुंडाशाचं टोक नाकाला लावून बसला. राफत मासळी भरलेला पाव खात होता. सगळं ऐकून त्याला ठसका लागला.

"कचरा आहे तो, बाबा! फेकून द्या! त्यासाठी एवढ्या लांब आलात?"

"तिनं सांगितलं पाहिजे."

"अहो, ती तिकडे तिच्या देशात आहे."

"मग तिकडे विचार."

राफतला वाटलं, म्हातारा उठणार नाही. आणि म्हातारा खरंच उठला नसता. दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर फोन लागला. राफत तेलकट बोटांनी फोन धरून तिच्या भाषेत बराच वेळ बोलला, हसला, मग ऐकत राहिला.

"ती म्हणते, फार वाईट वाटलं. ती म्हणते, ते झाड कचऱ्याचंच आहे असं तिला वाटलं. ड्रायव्हरनं सांगितलं म्हणे, ज्याला जे नको असेल ते तो इथं टांगतो."

"वाटेत नको असेल ते," सुवेलम म्हणाला.

"तेच ते."

"तेच ते नाही."

राफत पुन्हा ऐकू लागला. "ती विचारते, तिथं एवढ्या जुन्या गोण्या, पिशव्या, फाटक्या गुंडाळ्या लटकत होत्या, त्या कुणी उचलून का नेत नाही? इतक्या सुंदर जागी ते फार वाईट दिसतं म्हणते. तिनं निदान आपलं चादरीत बांधलं, म्हणजे इतरांसारखं उघडं दिसू नये."

कचेरीत पंखा फिरत होता आणि मासळीचा वास एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर फेकत होता.

"तिला विचार, तिनं सोडली का."

"अहो, हे काय विचारायचं? सोडलीच ना!"

"विचार."

राफतने विचारलं. "हो म्हणते. सोडली."

सुवेलम उठला. राफतने पुढे केलेल्या हातात त्याने हात दिला नाही, नुसता आपला हात छातीला लावला.

परतल्यावर तो सरळ घरी आला नाही. हमदाला तो बाभळीसमोर सापडला. लांब उभा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, डोळे बारीक करून.

"फरजच्या आई," तो म्हणाला, "खरं सांग. हे झाड तुला कसं दिसतं?"

"कसं म्हणजे? हा अतीकचा तंबू. ती सालेमच्या आईची किटली, जिची तोटी तिच्या सासूनं वाकडी केली. ती गोणी जुम्माच्या घरची, त्यातलं पीठ एव्हाना किड्यांनी खाल्लं असेल."

"तसं नाही. माणसं माहीत नसली तर?"

हमदाने बघितलं. उन्हाने राखाडी झालेली गोणपाटं. चिंध्या. गंजलेला पत्रा. पक्ष्यांची शीट पडून पांढरी झालेली गुंडाळी. तिने लगेच नजर वळवली.

"घरी चला," ती म्हणाली.

"इतकी वर्षं पाहुणे आणून हे मी त्यांना दाखवत आलोय," सुवेलम म्हणाला. "छाती पुढे काढून. आणि ते बघत होते ते हे." त्याला ओकारी आली, पण पोटात काहीच नव्हतं. तो नुसता वाकून उभा राहिला आणि हमदाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला आधी वाटलं, वासानेच झालं. पण वारा तर उलट दिशेने वाहत होता.

सकाळी त्याने ओदाला, मुसल्लमला आणि वस्तीतल्या बाकीच्यांना झाडाखाली बोलावलं. मालकिणीने काय म्हटलं ते त्याने सांगितलं, पण फक्त सोडली एवढंच. गोण्यांबद्दल ती काय म्हणाली ते त्याने गिळलं. ते हमदाच्या आणि त्याच्यामध्येच राहिलं.

"मग आता इथंच पुरून टाकू," मुसल्लम म्हणाला. या वेळी त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "मी खणतो."

"वारा उकरून काढतो. थडग्यांपाशी बघितलं नाहीस?"

"मग उंटावर घाल."

उंटाने चादरीचा वास घेतला, ओठ वर केले, मागचे पाय ताठ केले आणि मागे सरकला. सुवेलम त्याच्यावर ओरडला नाही. "त्याचं बरोबर आहे," तो म्हणाला. "शब्द त्यानं दिला नव्हता."

त्याने स्वतः गाठ सोडली. ती खरंच घट्ट होती, त्याला दात लावावे लागले. चादर खाली येताच माश्यांचा ढग उठला आणि सगळे चार पावलं मागे गेले. ओदासुद्धा, काठी टेकत. हमदा तेवढी हलली नाही. तिने घरून जुनं गोणपाट आणलं होतं. दोघांनी मिळून ती घाण त्यात घातली, तोंड बांधलं, आणि तिने ते त्याच्या पाठीवर चढवलं. त्याच्या मानेवरून तपकिरी ओघळ उतरला. त्याने डोळे मिटले, पुन्हा उघडले. तोंड बंद होतं आणि नाकपुड्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"गावातल्या कचऱ्याच्या ढिगावर टाकून येतो," तो म्हणाला. "माझा चहा ठेवू नका. परत आल्यावरही लगेच जवळ येऊ नका."

तेवढ्यात सडकेकडून जीप आली. नवे पाहुणे उतरले, टोप्या सारख्या केल्या, पाण्याच्या बाटल्या काढल्या. आज त्यांना सुवेलमच फिरवणार होता, पण मुसल्लम न सांगता पुढे झाला. एका पाहुण्याने बाभळीकडे बोट करून काहीतरी विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "हे झाड कसलं, विचारतायत."

मुसल्लमने सुवेलमकडे बघितलं. "सांगू?"

"बाभूळ आहे म्हणावं," सुवेलम म्हणाला. "सावली बरी असते. पुढं ने त्यांना."

मग तो निघाला. उघड्या मैदानातून पायी, कमरेत वाकून, पाठीवर गोणपाट आणि गोणपाटाभोवती माश्या. दगडी भूछत्राच्या बाजूने वाट जात होती. पाहुण्यांनी त्याच दिशेला कॅमेरे वळवले. त्यांना भूछत्र दिसलं, आणि सकाळच्या उन्हात ते खरंच सुंदर दिसत होतं. एकाने ड्रायव्हरला सांगितलं की मधला तो माणूस बाजूला झाला तर बरं. मुसल्लमने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. हमदा शेळ्यांमध्ये उभी होती. ओढणी तिने तोंडावरून खाली घेतली होती. सुवेलम भूछत्राच्या सावलीत गेला, पलीकडून बाहेर आला, लहान होत गेला, आणि ती बघत राहिली.